उठाव

१

जयमालाची चित्र बघायची वेळ सकाळी साडेदहाची होती. आंघोळ, देवपूजा, नाश्ता आटोपला की ती उजव्या हातातल्या बांगड्या काढून ठेवायची, हात कोरडे पुसायची आणि हॉलमधल्या खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसायची. मग नंदकिशोर चित्राचा बोर्ड आणून तिच्या मांडीवर ठेवायचा, आणि ती बोटांनी ते बघायची.

तिची नजर काचबिंदूने गेली होती. नेरूळच्या ज्या तीन मजली सिडकोच्या इमारतीत दोघांनी सत्तावीस वर्षं काढली, ती रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा तिला दिसत होतं. नवा टॉवर उभा राहीपर्यंत दोघं सानपाड्याला भाड्याने राहिली, आणि तिथल्या चार वर्षांत आधी डावा डोळा गेला, मग उजवा. नव्या घराच्या किल्ल्या मिळाल्या तेव्हा नंदकिशोरने तिला हाताला धरून बाराव्या मजल्यावर आणलं. लेकीने, अस्मिताने, पुण्याहून येऊन सामान लावून दिलं. येणारा प्रत्येक जण म्हणाला, काय हवा आहे, काय उजेड आहे. जयमाला नुसती मान हलवत राहिली, आणि आठ-दहा दिवसांनी एका सकाळी चहा पिता पिता म्हणाली, "अहो, हे घर नाही वाटत मला. हॉटेलची खोली वाटते. भिंती हाताला लागतात तेवढ्या. त्यांच्या पलीकडे काही आहे की नाही, कोण जाणे."

नंदकिशोरला तो चहा गेला नाही.

शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झालेला माणूस तो. स्वतःची चित्रं जलरंगात काढायचा. खाडी, मिठागरं, ओहोटीला उघडा पडलेला चिखल. त्यांचं प्रदर्शन कधी भरलं नाही आणि त्याची त्याला फारशी खंतही नव्हती, कारण त्याच्या चित्रांना एक बघणारी होती. चित्र पुरं झालं की तो ते जयमालासमोर धरायचा. ती बराच वेळ बघायची आणि 'हं' म्हणायची. त्या 'हं'नंतरच तो सही करायचा. तिची नजर गेली त्या आठवड्यात त्याने सगळे ब्रश धुऊन, कागदात गुंडाळून माळ्यावर टाकले होते. आता काढून दाखवायचं कुणाला?

ते ब्रश त्याने खाली काढले नाहीत. नवंच सामान आणलं. प्लायवुडचे बोर्ड, घट्ट रंगाचे डबे, रंग थापायची लवचीक सुरी, आणि शेजारच्या बांधकामावरून मागून आणलेली, पिठासारखी चाळलेली रेती. जयाला घराकडे बघता येत नाही, तर घर तिच्या बोटांखाली आणायचं. एकेक चित्र करत, बाहेरून आत.

सुरुवातीला सगळं चुकलं. सवयीने त्याने लांबची झाडं लहान काढली, तर तिने विचारलं, "ही रोपं सुकलीत का?" बोटांना लांबचं लहान दिसत नाही, लहान म्हणजे लहानच, हे त्याला साठीनंतर कळलं. दोन महिने तो खिडकीतलं एकच दृश्य थापत आणि खरवडत राहिला. शेवटी मार्ग सापडला. जे लांब ते पातळ, जे जवळ ते जाड. पलीकडचा किनारा केसाएवढा, खिडकीचे गज बोटाएवढे. तिला ती भाषा एका सकाळीच आली.

"म्हणजे जेवढा उठाव, तेवढं जवळ," ती म्हणाली.

मार्चमध्ये पहिलं चित्र पुरं झालं. बोर्ड मांडीवर घेऊन ती कडेकडेने आत शिरली. "ही चौकट. हे गज. खाली हा मोठा रस्ता, पाम बीचचा. हे खरखरीत म्हणजे खारफुटी. मग चिखल. आणि हे ठिपके... फ्लेमिंगो आलेत का हो?"

"आलेत. पुष्कळ आलेत."

तिचं बोट ठिपक्यांच्या खाली थांबलं. पुढे गेलं, परत आलं.

"आणि हा कोण?"

"कुठे?"

"हा काय. चिखलात उभा आहे. एकटाच."

२

नंदकिशोरने बोर्ड खिडकीशी नेऊन पाहिला. चिखल होता, राखाडी, सपाट. माणूस त्याने काढलाच नव्हता. तिने दाखवलेल्या जागी बोट ठेवलं तेव्हा मात्र काहीतरी लागलं, रंगातून सुरी उचलताना मागे राहते तशी एक बारीक कड. रेतीचा एखादा जाड कण सुरीखाली आला असेल. त्याने पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन ती जागा गुळगुळीत केली आणि तिला सांगितलं, "माझी चूक होती. काही नाहीये तिथे."

"बरं," ती म्हणाली. "मला वाटलं, आपल्याकडे बघतोय."

दुसरं चित्र सोसायटीच्या गेटचं. ते करताना तो मजेत होता. गेटचे लोखंडी दांडे, वॉचमनची केबिन, केबिनवर वाकलेलं बदामाचं झाड. झाडाच्या पानांना त्याने सुरीच्या टोकाने शिरा काढल्या, कारण शिरा जयाला आवडतील. पूर्वी चित्र काढताना त्याच्या डोळ्यांसमोर नुसतं दृश्य असायचं. आता तिची बोटं असायची. हे इथे तिला टोचेल, इथे ती अडेल, इथे हसेल, असं मनात म्हणत तो रंग लावायचा. इतक्या वर्षांत आपण इतकं बरं काम केलेलं नाही, असंही त्याला वाटून गेलं.

जयमालाने गेट ओळखलं, केबिन ओळखली. पानांच्या शिरांपाशी ती खरंच हसली. मग बोटं गेटच्या आत सरकली आणि थांबली.

"अगबाई, हा इथे आला."

नंदकिशोर वाकून तिच्या बोटांखाली बघू लागला.

"मागच्या वेळी चिखलात होता तोच. आता गेटच्या आत आहे. केवढा जाड झालाय बघा, काडीएवढा." तिची दोन बोटं त्या जागेवरून वरखाली होत राहिली, आणि नंदकिशोर तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. त्या चेहऱ्यावर एक जुनी ओळख हळूहळू उजळत होती. "तुम्हीच ना हो? मला कळलं. मी इथे अंधारात बसलेय आणि तुम्ही घराकडे येताय. एवढ्या चित्रांत तुम्ही स्वतःला कधी घेतलं नव्हतंत."

त्याने रंगवलेल्या गेटाआड काही नव्हतं. रिकामा रस्ता होता. पण सानपाड्यात नजर गेल्यापासून जयमालाच्या तोंडावर असं हसू आलं नव्हतं. ते मोडायला त्याची जीभ वळेना.

"हो," तो म्हणाला. "मीच आहे तो."

"हं," जयमाला म्हणाली.

त्या दिवशी त्याने कित्येक वर्षांनी चित्रावर सही केली.

३

खोटं बोललेलं खरं करून टाकायचं, असं त्याने ठरवलं. तिसऱ्या चित्रात, इमारतीच्या लॉबीत, तो स्वतःच उभा राहणार होता. आरशासमोर उभं राहून त्याने स्वतःची अंगलट कागदावर टिपली. खांद्याची गोलाई, चष्मा, हातात भाजीची पिशवी. मग रंग थापला, वाळायला ठेवला, पुन्हा थापला. लिफ्टच्या दारापासून चार पावलांवर, ठसठशीत. लिफ्टचं दार त्याने बोटभर उघडं ठेवलं, म्हणजे तिला ते दार आहे हे कळावं.

साडेदहाला जयमालाने लॉबी बघितली. नोटीस बोर्ड, टपालाच्या पेट्या, लिफ्टची बटणं. मग ती त्याच्यापर्यंत आली.

"हा वॉचमन आत कशाला आणलात?"

"वॉचमन?"

"ताठ उभा आहे आपला. हातात काय, दंडुका?" तिने त्याच्यावरून हात काढला आणि लिफ्टच्या फटीत बोट घातलं. "हे तुम्ही. लिफ्टमध्ये शिरताय. किती छान आलाय हो खांदा! तुम्ही चालताना डावा खांदा खाली सोडता ना, तस्सा."

आपण डावा खांदा खाली सोडतो, हे नंदकिशोरला माहीत नव्हतं. दुपारी जयमाला झोपल्यावर तो बेडरूमच्या आरशासमोर चालून बघत राहिला. तीनदा चालला. डावा खांदा खाली येत होता.

मग त्याने लॉबीचं चित्र घेतलं, डोळे मिटले आणि लिफ्टच्या फटीवर अंगठा ठेवला. फट बोटभर रुंद होती. तिच्यात काहीतरी घट्ट, उबदार गोलाई होती, पाठीला हात लावल्यासारखी. त्याने डोळे उघडले. काळा रंग होता. नुसता काळा रंग.

ऊन लागून बोर्ड तापला असेल. रंग वाळताना फुगतो, हे त्यानेच मुलांना शिकवलं होतं. आणि मनात एकदा माणूस बसला की बोटं तो शोधतातच. हे सगळं त्याने स्वतःला नीट समजावून सांगितलं. संध्याकाळी अस्मिताचा फोन आला तेव्हा तिच्याशी बोलावं असं वाटलं, पण तीच उत्साहात होती.

"बाबा, आई फोनवर हसत होती. किती महिन्यांनी ऐकलं मी. काय जादू केलीत तुम्ही?"

"काही नाही गं. चित्रं काढतोय तिच्यासाठी."

"मग काढत राहा. प्लीज थांबू नका हां."

जयमाला आता दुपारीही चित्र मागायची. लॉबीचं चित्र कुशीत घेतल्यासारखं धरून ती खिडकीशी बसून राहायची आणि तिचा अंगठा त्या फटीत फिरत राहायचा. एकदोनदा स्वयंपाकघरात त्याला वाटलं, ती हळू आवाजात काहीतरी बोलते आहे. तो बाहेर आला की ती थांबायची. दचकून नाही. आपलं बोलणं झालं, अशी.

४

चौथं चित्र त्यांच्या स्वतःच्या दाराचं होतं. दार, दारावरची पाटी, बेल, पायपुसणं. नंदकिशोरने ते अगदी सावकाश घेतलं. माणूस काढायचा नाही, फट ठेवायची नाही, दार घट्ट बंद. रोज काम थांबवताना तो सगळ्या बोर्डावरून हात फिरवून बघायचा. हाताला लागेल असं काही नव्हतं. चित्र अर्ध्यावर आलं तेव्हा तो जरा सैल झाला आणि दोन दिवस तपासायचं विसरला.

घरात स्वयंपाकाला आणि केर काढायला सगुणा यायची. करावे गावातली, पन्नाशीची बाई. एका दुपारी ती हॉल झाडत होती. भिंतीला टेकवलेल्या बोर्डावरून तिने फडकं फिरवलं आणि हात मागे घेतला.

"दादा, यो कोन उभा हाय दाराशी?"

नंदकिशोर हातातलं काम टाकून आला. "तुला दिसतो तो?"

"दिसत नाय. फडका अडकला. हात लावला तर मानूस." तिने हात पदराला पुसला. "मना बरा नाय वाटला. वैनीला नका देव यो."

"वहिनी म्हणते तो मी आहे."

सगुणाने त्याच्याकडे आपादमस्तक पाहिलं. "तुमी नाय," ती म्हणाली आणि आत गेली. पुढचे दोन दिवस ती हॉलमध्ये झाडू मारायला आली नाही.

सगुणाचं फडकं अडकलं त्याच दिवशी पाचच्या सुमाराला ते झालं. खिडकी पश्चिमेची. ऊन खाडीवरून आडवं आत येतं आणि बाजूच्या भिंतीला चाटून जातं. बोर्ड त्याच भिंतीला टेकवलेला होता. नंदकिशोर चहाचा कप घेऊन हॉलमध्ये आला आणि दारातच थांबला.

समोरून बघताना बोर्डवर बंद दार होतं. पण आडव्या उन्हात रंगाच्या प्रत्येक कडेची सावली पडली होती, आणि त्या सावल्या मिळून एक पाठमोरा माणूस झाला होता. डावा खांदा खाली, उजवा हात वर, अंगठा बेलवर. सुरीचा एकेक फटकारा मोजता येत होता. नंदकिशोरला फटकारा संपवताना सुरी डावीकडे ओढायची सवय होती. ते सगळे फटकारे डावीकडे ओढलेले होते.

हे मीच केलं आहे, त्याच्या मनात आलं. केव्हा केलं?

ऊन सरकत होतं, त्याबरोबर सावल्याही सरकत होत्या. त्यामुळेच असेल, पण खाली असलेला तो खांदा हळूहळू वर येऊ लागला. कुणी मागे वळून बघण्याआधी येतो तसा. मानेजवळची एक सावली लांबली. गालाची कड दिसायला लागली. नंदकिशोरला ओरडायचं होतं, आणि त्याच वेळी, चित्रकाराला असते तशी, ती कड पुरी बघायची हावही होती. तेवढ्यात सूर्य बाजूच्या टॉवरमागे गेला. बोर्डवर बंद दार राहिलं.

त्याने चहाचा कप जमिनीवर ठेवला, मोठी सुरी घेतली आणि बोर्ड खरवडायला सुरुवात केली. रंगाची सालपटं फरशीवर पडू लागली. लाकूड दिसेपर्यंत तो थांबला नाही.

"काय खरवडताय?" जयमाला बेडरूमच्या दाराशी भिंत धरून उभी होती.

"चुकलं होतं."

"दाराचं ना? त्यात तुम्ही होता?"

त्याने सुरी खाली ठेवली.

"तुम्ही होतात," ती म्हणाली. "दारापर्यंत आला होतात, आणि मी अजून बघितलंसुद्धा नव्हतं."

५

त्यानंतर जयमाला चार दिवस जवळजवळ बोलली नाही. जेवायला बसायची आणि दोन घास खाऊन उठायची. साडेदहाला मात्र हात कोरडे करून खुर्चीत येऊन बसायची, रिकामी मांडी घेऊन. नंदकिशोर म्हणाला, माझे हात दुखतात. ती म्हणाली, बरं. पाचव्या दिवशी तिने हळूच विचारलं, "मला दारापर्यंत आणलंत आणि बाहेर सोडलंत. घर कधी दाखवणार?"

ज्या हातांनी तिला एवढं आणलं, त्यांनीच तिला मध्येच टाकायचं? तो हॉलचं चित्र काढायला बसला. सोफा, टीपॉय, टीव्ही, खिडकी, तिची खुर्ची. खुर्ची रिकामी. दर तासाला सुरी ठेवून तो डोळे मिटायचा आणि बोर्डाचा कोपरा न् कोपरा चाचपायचा. पाच वाजता बोर्ड भिंतीला लावून आडव्या उन्हात बघायचा. बॅटरी आडवी धरून बघायचा. सोफा होता, खिडकी होती, दुसरं काही नव्हतं. सगुणालाही त्याने हात लावून बघायला सांगितलं. तिने नको नको म्हणत दोन बोटं फिरवली. "नाय," ती म्हणाली. "आता कोनी नाय." त्या दिवशी त्याला कित्येक दिवसांनी पोटभर जेवण गेलं.

त्या आठवड्यात एकच गोष्ट खटकली. दुपारी तो खाली कुरिअर घ्यायला गेला होता. वर आला तर जयमाला खुर्चीत बसून पाणी पीत होती.

"थंड दिलंत ते बरं झालं," ती म्हणाली.

"मी कुठे दिलं?"

"आत्ता नाही का दिलंत?"

सगुणा बारालाच गेली होती. पेल्याला बाहेरून दव सुटलं होतं. फ्रिज स्वयंपाकघराच्या पार कोपऱ्यात होता, आणि जयमाला एकटी तिथपर्यंत जायला घाबरायची. गेली असेल. किंवा आपणच देऊन गेलो असू. बासष्ट वर्षांच्या माणसाला एवढं विसरायचा हक्क आहे, असं म्हणून त्याने विषय सोडला.

बुधवारी हॉलचं चित्र पुरं झालं. जयमालाने बांगड्या काढल्या, हात पुसले. त्याने बोर्ड तिच्या मांडीवर ठेवला आणि तिच्या पायाशी बसला. ती सोफ्यावरून गेली, टीपॉयला वळसा घालून गेली, खिडकीशी थांबली, स्वतःच्या खुर्चीवरून हात फिरवला. एकही जागा तिने सोडली नाही.

"कोणी नाही इथे," ती म्हणाली.

"नाही ना?" त्याच्या छातीवरून दगड उतरला. "कोणीच नाही."

"बरोबर आहे," जयमाला म्हणाली. "आता चित्रात कशाला असाल तुम्ही? आत आलात ना."

खाली कुठेतरी गाडी मागे घेतल्याचा आवाज येत होता. मग त्याने तिचे दोन्ही हात धरले.

"जया, ऐक. चित्रातला तो मी नव्हतो. मी तुझ्याशी खोटं बोललो. तुला बरं वाटलं म्हणून हो म्हणालो. तो कोण आहे ते मला माहीत नाही."

तिने हात सोडवून घेतले नाहीत. तिचा चेहरा त्याच्याकडे वळला, पण थोडा चुकीच्या दिशेला, त्याच्या खांद्याच्या वर कुठेतरी.

"तुम्हीच म्हणालात, तो मी," ती सावकाश म्हणाली. "आता तुम्हीच म्हणता, तो मी नाही. मला दिसत नाही हो. सांगाल तेच माझं बघणं." तिचा अंगठा त्याच्या बोटांवरून फिरला. "मग आत्ता हे माझ्याशी कोण बोलतंय?"

६

वाद घालण्यात अर्थ नव्हता. चित्रं आधी घराबाहेर काढायची, मग अस्मिताला बोलावून घ्यायचं, मग डॉक्टर. त्याने मनाशी असं ओळीने ठरवलं आणि दुपारी चार वाजता बोर्ड उचलले. खाली पार्किंगमागे सोसायटीची अडगळ ठेवायची खोली होती. दार आपोआप लागू नये म्हणून त्याने त्याला आपली एक चप्पल अडकवली आणि अनवाणीच लिफ्टने खाली गेला. वॉचमनने खोली उघडून दिली. "सर, एवढी छान चित्रं टाकताय?" त्याने विचारलं. नंदकिशोरने चारही चित्रं आणि तो खरवडलेला बोर्ड, तोंडं भिंतीकडे करून लावले. कुलूप लागल्याचा आवाज ऐकला आणि मगच वर आला.

बाराव्या मजल्यावर लिफ्ट उघडली. दार बंद होतं. चप्पल दिसत नव्हती.

किल्ली आत होती. त्याने बेल वाजवली. आतून कसलीच गडबड ऐकू आली नाही. मग पावलं आली. जयमालाची पावलं फरशीवर घासत, चाचपडत यायची. ही सरळ चालत आली होती.

साखळी न काढता तिने दार थोडं उघडलं.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"जया, मी आहे. दार कसं लागलं?"

तिने विचार केला. साखळी काढली. मग, अनोळखी माणसाशी बोलताना आपोआप येतो तसा आवाजात मऊपणा आणून म्हणाली, "जरा पुढे येता का?"

तो पुढे झाला. तिने हात वर केला आणि त्याचा चेहरा बघायला सुरुवात केली. कपाळ, भुवया, चष्म्याची काडी, नाक, गाल, हनुवटीवरचे खुंट. चित्र बघायची तशीच, कडेकडेने आत, एकही जागा न सोडता. शेवटी हात डाव्या खांद्यावर आला आणि तिथे बराच वेळ राहिला. नंदकिशोरच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. परत गालावर आलेल्या तिच्या बोटांना ते लागलं. बोटं थबकली. आता, त्याला वाटलं. आता ओळखेल.

तिने हात मागे घेतला आणि पदराला पुसला.

"माफ करा हं," ती म्हणाली. "मला दिसत नाही, म्हणून हात लावावा लागतो. तुम्ही ह्यांच्या शाळेतले का? या ना. बसा. हे आतच आहेत."

सांगण्यासारखं खूप होतं. लग्नाच्या दिवशी तिच्या भावाची चुकलेली गाडी, अस्मिताच्या वेळचे दवाखान्यातले नऊ दिवस, तिने ज्याला 'हं' म्हटलं ते पहिलं चित्र. पण हे सगळं आतल्यालाही ठाऊक असणार, असं त्याला वाटलं. खांद्याचं तर त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं.

जयमाला वळली आणि हॉलमध्ये गेली. भिंतीला हात न लावता, टीपॉयला वळसा घालून, सोफ्याची उशी सरळ करून तिने पाहुण्यासाठी पंखा लावला. बटण तिला पहिल्या झटक्यात सापडलं. हे घर तिचं झालं होतं. एवढ्यासाठीच तर त्याने सगळं केलं होतं.

"अहो," तिने बेडरूमकडे तोंड करून हाक मारली. "कोणीतरी आलंय तुमच्याकडे."

लग्नापासूनच्या सवयीने नंदकिशोरने ओ द्यायला तोंड उघडलं. ओ आतून आली.